गोड म्हटलेलं पाणी

मार्गशीर्ष लागला की मुळगावच्या खालच्या अंगाला सकाळी एक वास सुटतो. कापून झालेल्या भाताच्या खुंटांचा, आटत चाललेल्या शेवाळाचा, कुणाच्या तरी चुलीवर रटरटणाऱ्या पेजेचा. यंदा त्यात डिझेल मिसळलंय. नदीकाठी पोकलेन येऊन उभा राहिलाय आणि त्याच्या शेजारी हिरवा फलक: नदी पुनरुज्जीवन योजना. मी बालवाडीत बाई होते, अक्षरांशी माझी दोस्ती जुनी, तरी तो शब्द वाचता वाचता मला दम लागला. सरकार नदीला जिवंत करणार म्हणजे ती मेलीय हे सरकारला मान्य आहे, असं आमचे घरचे, म्हणजे माझे यजमान, म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले. मी मात्र त्या फलकापाशीच उभी राहिले.

कारण हे सगळं मी एकदा पाहिलंय. असाच मार्गशीर्ष होता, अशीच थंडी, असंच मशीन. गोव्याचं राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते आणि माझं लग्न होऊन त्याहून थोडे.

मी केरीची. पेडण्याच्या अगदी टोकाची, समोर तेरेखोल, मागे माडांची राई आणि कानात दिवसरात्र समुद्र. मुळगावात आले तेव्हा पहिले आठ दिवस मला झोप लागली नाही, कारण रात्री काहीच वाजत नव्हतं. दिवसा वाजायचं ते खाणीचं. ट्रक एकामागून एक जायचे आणि घरातल्या जनेलांच्या काचा थरथरायच्या. त्यातलाच एक ट्रक आमचे घरचे चालवायचे. संध्याकाळी ते घरी आले की आधी खाणीच्या धुळीने भरलेल्या पापण्या धुवायच्या, मग बाकीचं अंग. बाल्दीत उरलेलं पाणी मी जास्वंदीला घातलं तर सासऱ्यांनी मला थांबवलं. "तें झाडाक घालूं नाका बाय," म्हणाले, "तें झाडाचें न्हय."

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. उंच, किडकिडीत माणूस, कमरेला पंचा आणि खांद्यावर दुसरा. बोलणं मोजकं, पण जे बोलत ते तुमच्या मागे मागे घरभर फिरायचं. आमच्या नदीचं पाणी चाखणं हे मामांचं काम होतं. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचं, त्यांच्या आधी त्यांच्या आज्याचं. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, म्हणून जरा नीट सांगते.

पावसाळी भात कापून झालं की आमच्याकडे त्याच शेतात दुसरं भात घालतात, त्याला वायंगण म्हणतात. ते नदीच्या पाण्यावर पिकतं. आमची नदी लहान, पण भरती-ओहोटीची. गावाच्या खाली पात्रात एक काळा कातळ आडवा पडलेला होता, काठापासून काठापर्यंत, घराला असतो तसा. त्याला उंबराच म्हणत. समुद्राची भरती आत आत यायची आणि त्या उंबऱ्याला टेकून थांबायची. खाली खारं, वर गोडं. खालून खारं पाणी रेटायला लागलं की वरचं गोडं पाणी फुगायचं, आणि बांधात बसवलेल्या लाकडी दारातून, म्हणजे मानशीतून, शेतात शिरायचं. हे सगळं इतकं साधं होतं की त्याच्याकडे कुणी बघतही नसे.

पण मानस उघडायच्या आधी पाणी चाखायचंच. भरती पूर्ण चढली की मामा एकटेच पाण्यात उतरायचे. हातात एक अख्खी करवंटी, तिचा एकच डोळा फोडलेला आणि त्यावर अंगठा दाबलेला. तळाशी बुडी मारायची, अंगठा काढायचा, करवंटी भरली की पुन्हा दाबायचा आणि वर यायचं. खारं पाणी जड असतं, ते तळाशी सरपटत येतं, वरचं पाणी चाखून काही कळत नाही. ती करवंटी घेऊन ओल्या अंगाने घरी यायचं, मागच्या दारी चाखायचं, आणि पुढल्या दारी अंगणात गाव जमलेलं असायचं. मामांनी करवंटी तुळशीत ओतली तर पाणी गोड, मानस उघडा. उंबरठ्याबाहेर ओतली तर खारं, थांबा. एवढ्यावर सगळ्या गावाचं वायंगण चालायचं.

माझ्या लग्नाच्या आधीच नदी तांबडी झाली होती. डोंगर पोखरून काढलेली माती पावसात खाली यायची आणि पात्रात बसायची. मी पहिल्यांदा नदी बघायला गेले तेव्हा मला वाटलं कुणीतरी वर विटा भिजवल्यात. म्हशी पाण्यात बसून उठल्या की कमरेपर्यंत तांबड्या. शेतात मानशीतून पाणी यायचं ते चिखल घेऊन, आणि रोपांच्या गळ्याशी तो चिखल वाळून कडक व्हायचा. शेजारचा विठू तेव्हा तिशीचा असेल. त्याचं शेत आमच्या शेताला लागून, आणि तोंड म्हणाल तर बाजारचा दिवस. तो रोज सकाळी आमच्या अंगणात येऊन नदीच्या नावाने ओरडायचा, आणि मग नरम होऊन माझ्याकडे चहा मागायचा.

त्या दिवसांत भिंतींवर सगळीकडे घोषणा होत्या, अर्ध्या पुसलेल्या. राज्याची भाषा कोकणी म्हणणाऱ्यांच्या आणि मराठी म्हणणाऱ्यांच्या. सख्खे भाऊ एका पंगतीला बसत नव्हते. आमच्या घरात मामा कोकणी बोलायचे, पोथी मराठी वाचायचे आणि मी केरीची बोली बोलले की गालात हसायचे. नवं राज्य, नवा उत्साह. गावोगावी जीप फिरू लागल्या. कुठे पूल, कुठे नळ, आणि आमच्याकडे नदी साफ करायची असं ठरलं. आमची नदी कुठल्या भाषेत वाहते यावरून तेव्हा भांडण झालं नाही, हे एक बरं झालं.

देवळाच्या मंडपात बैठक भरली. आलेला इंजिनियर चांगला होता, हे मला मुद्दाम सांगायचंय. गोष्ट सांगताना एक वाईट माणूस असला की सोपं जातं, पण तो तसा नव्हता. चप्पल बाहेर काढून बसला, सगळ्यांचं ऐकलं, नकाशा पसरून म्हणाला की गाळ उपसून उपयोग नाही, तो पुन्हा बसणार, कारण खालचा कातळ त्याला अडवतो. कातळ फोडला की ओहोटीबरोबर सगळी तांबडी माती समुद्राला जाईल.

मामा उठले. "उंबरो मोडूं नाकात," म्हणाले. "तो मोडलो जाल्यार दर्या घरांत येतलो."

"मामा, आनी चिखल घरांत आयला तो?" विठू म्हणाला. "तो कोण भायर काडटलो? तुमी?"

लोक विठूच्या बाजूचे होते. त्यांच्या जागी मी असते तर मीही असते. चिखल डोळ्यांना दिसत होता, समुद्र कुणी पाहिला होता? मामांनी ते ओळखलं. मग म्हणाले, "बरें. मोडात. पूण मागीर हांव चाखतलों. खारें लागलें जाल्यार ह्याच वर्सा सिमीट घालून उंबरो परत बांदपाचो. तशें बरोवन दियात." आणि त्या इंजिनियरने तिथल्या तिथे मांडीवर कागद घेऊन तसं लिहून दिलं. पाणी खारं निघाल्यास अडथळा पूर्ववत बांधून देण्यात येईल. त्याची सही मी पाहिलीय, मोठी आणि सरळ.

उंबरा फोडला तो दिवस मला आवाजाने आठवतो. कातळ चार दिवस नुसता मशीनचा घण खात राहिला, पाचव्या दिवशी हलला. मामा त्या दिवशी घरात, माजघरात बसून होते. भांडी घासताना माझ्या हातातलं तांब्याचं तपेलं आपोआप वाजलं.

आणि मग पाणी निवळलं. आठ दिवसांत, डोळ्यांदेखत. मी आयुष्यात इतकं आनंदलेलं गाव पुन्हा पाहिलं नाही. पायाच्या पोटरीपर्यंत पाण्यात उभं राहिलं तर अंगठ्याचं नख दिसायचं. बायका कपडे घेऊन पुन्हा नदीवर गेल्या. म्हाताऱ्या माणसांनी काठाशी बसून पाय सोडले. विठूने तर आमच्या अंगणात येऊन मामांना वाकून नमस्कार केला, चेष्टेने, आणि म्हणाला, "आतां सांगात, खंय आसा तुमचो दर्या?"

खूप वर्षांनी मला कुणीतरी समजावून सांगितलं की मातीचं पाणी आपोआप निवळत नाही. त्यात मीठ पडलं की मातीचे कण एकमेकांना धरतात आणि खाली बसतात. गढूळ पाण्याच्या लोट्यात चिमूटभर मीठ टाकून बघा, मी टाकून बघितलंय. आम्ही सगळे ज्याला स्वच्छ म्हणून नाचत होतो तीच समुद्र आल्याची वर्दी होती. तेव्हा हे माहीत असायला हवं होतं अशातला भाग नाही, पण काही गोष्टी दिसत होत्या. संध्याकाळी बेडूक ओरडेनासे झाले होते. बांधाच्या पोटात लाल नांगीच्या कुर्ल्यांनी भोकं पाडायला घेतली होती, आणि तसल्या कुर्ल्या मी फक्त केरीला पाहिल्या होत्या. मला माहेर आठवून बरंच वाटलं होतं.

आता माझ्या भागाकडे येते.

त्या बैठकीनंतर थोड्याच दिवसांनी, कार्तिकात, मामांना ताप आला होता. दोन आठवडे झोपून होते. उठले तेव्हा जेवणाची चव गेलेली. सुरुवातीला मला कळलं नाही. एक दिवस मी आमटीत मीठ घालायचं विसरले, घरच्यांनी पहिल्या घासालाच माझ्याकडे बघितलं, आणि मामा मात्र शेवटपर्यंत जेवले, वर भुरकून. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या पेजेत दुप्पट मीठ घातलं. तीही प्यायले. मी दाराशी उभी होते. त्यांनी वाडगा खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हाका कांयच कळना गो. जीब लाकडाची जाल्या. कोणाक सांगूं नाका."

घरच्यांनाही नाही सांगितलं. मामांनी इतका भरवसा माझ्यावर टाकला याचा मला अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. नव्या घरात माझ्याकडे पहिली गोष्ट आली होती ती ही, मामांचं गुपित.

चाखायचा दिवस ठरला. पुढे तीन दिवसांनी योजनेचा समारंभ होता, मंत्री येणार होते, मानशीतून स्वच्छ पाणी शेतात शिरताना त्यांना दाखवायचं होतं. अंगणात गाव, इंजिनियर, विठू, पोरंटोरं. मामा ओल्या अंगाने मागच्या दारी आले. थंडीने ओठ निळे पडलेले, अंगठा करवंटीच्या डोळ्यावर घट्ट. मी तिथे धुणं पिळत होते.

त्यांनी आपल्या जिभेवर घेतलं, थांबले, परत घेतलं. मग करवंटी माझ्यापुढे धरली.

"चाख गो बाय. गोडें काय खारें?"

मी ओंजळ धरली. त्यांनी अंगठा काढला. पाणी थंडगार होतं, आणि निवळशंख. मी तोंडात घेतलं, मामांनी सांगितलं होतं तसं जिभेच्या मागे नेऊन धरलं. मला त्यात काहीच वावगं लागलं नाही. मला ते चांगलं लागलं.

"गोड आसा, मामा," मी म्हटलं.

"सारकें?" त्यांनी खात्री करून घेतली.

"गोड आसा."

त्यांनी श्वास सोडला. केवढा मोठा श्वास होता तो. पुढल्या दारी गेले, करवंटी तुळशीत ओतली, आणि अंगणात टाळ्या वाजल्या. इंजिनियरने आपला तो मांडीवर लिहिलेला कागद मागून घेतला आणि त्याखाली लिहिलं, ग्रामस्थांनी पाणी चाखून गोड असल्याचे सांगितले. मामांनी त्यावर सही केली. मी सगळ्यांना चहा केला, पाववाल्या पोदेराकडून जास्तीचे उंडे पाव घेतले. त्या दिवशी मी घरभर गुणगुणत होते, हे आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

पौषात रोपं पोपटी होती. बाहेरून शेत बघावं तर दृष्ट लागावी. माघात पात्यांची टोकं पिवळी झाली. लोक म्हणाले, थंडी. मग टोकं तांबूस झाली, कुणी नखाने जाळल्यासारखी. लोक म्हणाले, खत. एका सकाळी मी बांधावर गेले तर ओल उडालेल्या वाफ्यांत पांढरं काहीतरी पसरलेलं होतं, पातळ, भाकरीवर पीठ राहतं तेवढंच. मी बोट लावून चाटलं. ते मलासुद्धा कळलं.

पंधरा दिवसांत गावाचं सगळं वायंगण उभ्या उभ्या सुकलं. वारा आला की त्याचा आवाज यायचा, कोरडा, आणि त्या आवाजाखाली दुसरा काही आवाजच नव्हता. गुरंसुद्धा तो पेंढा तोंडात घेऊन सोडून द्यायची. गाव आमच्या अंगणात परत जमलं, ज्या जागी टाळ्या वाजवल्या होत्या त्याच जागी.

"तुमी चाखिल्लें," विठू म्हणाला. या खेपेला तो ओरडत नव्हता. "मामा, तुमीच चाखिल्लें न्हय?"

मी दाराआड होते. मी तिथेच राहिले. मला बाहेर जायचं होतं असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले, पण ते खरं नाही. मला कुणी हाक मारू नये एवढंच वाटत होतं.

"हांवें चाखलें," मामा म्हणाले. "म्हजी जीब चुकली."

लोक इंजिनियरकडे गेले. त्याची बदली झाली होती. नव्या माणसाने फाइल उघडली आणि मामांच्या सहीवर बोट ठेवलं. योजना पूर्ण झाली होती, कागदावर पाणी गोड होतं, आता सिमेंट कसलं मागता? गावात मामांना खारो म्हणायला लागले. आधी मागून, मग तोंडावर. पुढे आमच्या घरालाच खाऱ्याचं घर नाव पडलं. नवा पोदेर आला की तोही सायकल थांबवून विचारायचा, खाऱ्यालें घर हेंच न्हय? मी 'हेंच' म्हणायचे आणि पाव घ्यायचे.

तोवर मला खरंच वाटत होतं की मी चाखलं तेव्हा पाणी गोडच होतं, समुद्र नंतर आला. माणूस स्वतःसाठी काहीतरी वाट काढून ठेवतो. ती वाट बंद झाली ती दुसऱ्या वर्षी, केरीला, माझ्या भावाच्या लग्नात.

मामा लग्नाला आले होते. ऊन होतं, बसचा प्रवास झालेला. माझ्या आईने विहिरीचं ताजं पाणी काढून काशाच्या तांब्यातून दिलं. आमच्या केरीच्या घराची विहीर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मी जन्मल्यापासून तेच पाणी प्यायले, त्यातच आमची डाळ शिजली, त्यातच चहा झाला. आई कौतुकाने म्हणाली, "पिया, व्याह्यांनु. आमच्या बावडेचा पाणी. गोड आसा."

मामांनी एक घोट घेतला आणि थांबले. तांब्या तसाच तोंडाशी. मग हळू हळू सगळं पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि पंचाने तोंड पुसलं.

"हय," म्हणाले. "बरें आसा उदक."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. त्यांची जीब परत आली होती हे मला त्या थांबण्यावरून कळलं, आणि आमच्या विहिरीचं पाणी खारं आहे हेही मला, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तिथे ओसरीवर उभ्या उभ्या कळलं. गोड म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं. मामांनी गावाचं पाणी चाखायला समुद्राकाठची जीब निवडली होती, आणि मी इतक्या खात्रीने बोलले होते.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले. "मामा," मी म्हटलं, "गांवांत सांगूया. हांव सांगतंय." ते खिडकीतून बाहेर बघत होते. नजर न वळवता म्हणाले, "तुका त्या गांवांत रावपाचें आसा बाय. म्हाका आतां कितें, चार दीस." मला त्या गावात जन्म काढायचाय, असं त्यांचं म्हणणं. मग पेडण्याच्या बाजारात टोपल्या बघून माडाच्या हिरांच्या केरसुणीचा भाव काय असेल असं काहीतरी विचारलं. मी रडत होते आणि केरसुणीबद्दल सांगत होते. त्यांना चार दिवस नव्हे, तीन वर्षं मिळाली, आणि तीनही वर्षं त्यांना नदीवर कुणी बोलावलं नाही.

शेताचं काय झालं ते आता येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. पहिल्या वर्षी मानशीतून लांब हिरव्या शेंगा वाहत आल्या आणि चिखलात उभ्या रुतल्या, कुणी पेरल्यासारख्या. खारफुटी. दुसऱ्या वर्षी त्यांना पानं फुटली. आज तिथे माणूस शिरू शकत नाही इतकं रान आहे, बगळे बसतात, शाळेच्या सहली येतात. निसर्गाने स्वतःहून जागा परत घेतली असं एक बाई मुलांना सांगत होत्या. मी बांधावर उभी राहून ऐकलं. ज्या कोपऱ्याला त्या बोट दाखवत होत्या तो आमचा रोपवाटिकेचा वाफा.

सरकार काही करत नाही असं लोक म्हणतात. मला तसं म्हणता येत नाही. सरकारने आमच्या नदीसाठी पुन्हा पुन्हा काहीतरी केलंय, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. ज्या डोंगरावरून माती येते तिथे कुणी चढत नाही, साफ करायला सगळे खाली नदीत उतरतात. खाणी बंद झाल्या, घरच्यांचा ट्रक उभा राहिला, गंजला, विकला. नदी मात्र अजून दर पावसाळ्यात तांबडी होते, आणि दर काही वर्षांनी तिला शुद्ध करायला कुणीतरी येतं.

आता यंदाचं. फोडलेल्या उंबऱ्याच्या वर, अर्ध्या कोसावर, नदीच्या वळणात दुसरा कातळ आहे. वरचा उंबरा. खारं पाणी आता तिथवर येऊन थांबतं. त्याच्या वर ज्यांची भातं उरलीत त्यांची वायंगणं त्याच्या भरवशावर आहेत, त्यांत विठूच्या मुलाने खंडाने घेतलेलं शेतही आलं, आणि गावाच्या सगळ्या विहिरीही. नव्या योजनेच्या नकाशात त्या कातळावर लाल फुली आहे. प्रवाहास अडथळा.

गेल्या आठवड्यात शाळेच्या सभागृहात सुनावणी झाली. अधिकारी माझ्या मुलाच्या वयाचा, नम्र, समोर लॅपटॉप. पडद्यावर आकाशातून काढलेले फोटो दाखवले, आमचं खारफुटीचं रान मखमलीसारखं दिसत होतं. नदीचं पाणी सगळीकडे गोडं आहे असा अहवाल त्याने वाचून दाखवला. मी नमुने कधी घेतले ते विचारलं. श्रावणात, म्हणाला. श्रावणात आमच्याकडे समुद्रसुद्धा गोड असतो, मी म्हटलं, आणि लोक हसले. माघातल्या पुनवेच्या भरतीला घ्या.

"काकी, कातळ काढल्यास पाणी खारं होईल, हे कशावरून म्हणता?" त्याने विचारलं. "काही पुरावा आहे?"

तेव्हा मी सांगितलं. इतक्या वर्षांनी, सगळ्यांसमोर, घरचे शेजारच्या खुर्चीवर बसलेले असताना. मामांची जीब गेली होती हे सांगितलं. करवंटी माझ्यापुढे धरली हे सांगितलं. "चाखलं मी," म्हटलं, "आणि गोड आहे असं मी म्हटलं. मामांनी नाही. मी चुकले, मला कळलं नाही, आणि आमचं शेत गेलं. तो उंबरा त्या दिवशी परत बांधता आला असता. हा तरी फोडू नका." मी शेवटपर्यंत बोलले. घरचे माझ्याकडे बघत राहिले. मागच्या रांगेतून विठू उठला. आता त्याला उठायला काठी लागते. "वयनी," म्हणाला, "आनी हांव ताका खारो म्हणटालों." एवढं म्हणून तो तसाच उभा राहिला, त्याला बसायचं सुचेना.

अधिकारी टाइप करत होता. फार लक्षपूर्वक ऐकलं त्याने, एकदाही मधे बोलला नाही. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून त्याने वाचून दाखवलं.

"पूर्वी खालचा कातळ काढल्यानंतर स्वतः पाणी चाखणाऱ्या ग्रामस्थ महिलेने ते पाणी गोड असल्याचे सांगितले होते, असे तिने सुनावणीत मान्य केले." त्याने वर पाहिलं. "बरोबर ना, काकी? असंच म्हणालात ना?"

मी ते पुन्हा वाचलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

"पुढचंही लिही," मी म्हटलं.

"लिहिलंय," तो म्हणाला. खाली एक ओळ होती, पूर्वी पीक गेल्याचे तिचे म्हणणे आहे, कागदोपत्री आधार नाही. "इथे सही करा."

मी पेन घेतलं नाही. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, सहीच्या जागी 'नकार' असं लिहिलं आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.